ऑन्डान्सेट्रॉन दुप्पट केल्याने तिसऱ्या दिवसाची मळमळ का थांबत नाही

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. आईचं वय ५८, स्तनाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया झाली आणि आता लाल औषधाची केमो सुरू आहे, म्हणजे डॉक्सोरुबिसिन आणि सायक्लोफॉस्फमाइड. पहिल्या सायकलला सलाईनमधून उलटीचं इंजेक्शन दिलं आणि घरी ऑन्डान्सेट्रॉन ८ मिलिग्रॅमच्या गोळ्या दिल्या, सकाळ-संध्याकाळ. परळहून डोंबिवलीला येईपर्यंत काही त्रास झाला नाही, रात्रही बरी गेली. तिसऱ्या दिवसापासून मात्र मळमळ अशी धरली की अन्न पाहवत नव्हतं, आणि वर पोट साफ होईना. केमिस्ट म्हणाला, एकाऐवजी दोन द्या. त्यात तुम्ही वाचलंत की ही गोळी सेरोटोनिन हे मनःस्थितीशी जोडलं जाणारं रसायन अडवते, म्हणून आधीच खचलेली आई आणखी उदास होईल अशी धास्ती वाटते. या गोळीमागचं रसायनशास्त्रही तुम्ही विचारलंत.

मी मुंबईत केमोच्या डे-केअर विभागात क्लिनिकल फार्मासिस्ट म्हणून काम करते. दुसऱ्या सायकलला आलेल्या रुग्णाचे नातेवाईक मला बहुतेक वेळा हेच विचारतात. आधी उत्तर देते, मग कारणं: गोळी दुप्पट करू नका. ती कमी पडत नाहीये. तिचं जे काम आहे ते पहिल्या दिवशी तिने चोख केलं. तिसऱ्या दिवशीची मळमळ शरीरात वेगळ्या रस्त्याने येते आणि त्या रस्त्यावर या गोळीचा फारसा उपयोग नाही. तिथे दुसरी औषधं लागतात, ती अस्तित्वात आहेत आणि पुढच्या सायकलच्या आधी तुम्ही ती मागू शकता.

आईंचे कागद मी पाहिलेले नाहीत. मधुमेह आहे का, हृदयाचा ईसीजी कसा आहे, यकृत कसं चालतं, रोजची इतर औषधं कोणती, यावर बरंच अवलंबून असतं. म्हणून पुढे जे लिहिते त्यावरून घरी स्वतः डोस ठरवू नका. डॉक्टरांशी बोलताना नेमकं काय विचारायचं ते मात्र यातून कळेल.

केमोने उलटी का होते, हे आधी पाहू. बहुतेकांना वाटतं की औषध पोटाला लागतं. औषध शिरेतून जातं, पोटात जातच नाही. पण रक्तातून ते सगळीकडे पोचतं, आतड्याच्या अस्तरापर्यंतही. त्या अस्तरात एन्टेरोक्रोमाफिन नावाच्या पेशी विखुरलेल्या असतात. शरीरातल्या एकूण सेरोटोनिनपैकी सुमारे ९० टक्के आतड्यातच असतं, आणि त्याचा मुख्य साठा याच पेशींमध्ये. केमोने इजा झाली की त्या हा साठा एकदम बाहेर सोडतात. शेजारीच आतड्यातून मेंदूकडे जाणाऱ्या व्हेगस नसेची टोकं असतात. त्यांच्यावर ५-एचटी३ नावाचे रिसेप्टर असतात, म्हणजे रसायन बसलं की इशारा देणाऱ्या जागा. सेरोटोनिन त्यांवर बसलं की नस पेटते आणि संदेश थेट मेंदूच्या देठात जातो. तिथेच एरिया पोस्ट्रेमा नावाचा छोटासा भाग आहे. रक्तातली विषं मेंदूत शिरू नयेत म्हणून जो अडसर असतो, तो इथे मुद्दामच सैल आहे, कारण रक्तात विष आलंय का हे चाखून पाहणं हेच या भागाचं काम. हे दोन्ही इशारे एकत्र झाले की उलटीची पूर्ण साखळी सुरू होते. शरीराच्या दृष्टीने तो बचाव आहे. विषारी काही खाल्लं असतं तर याच यंत्रणेने जीव वाचवला असता.

ही गोष्ट कळली ती एका योगायोगाने. सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध १९७८ साली वापरात आलं तेव्हा त्याच्या उलट्यांपायी रुग्ण उपचार अर्धवट सोडत. मेटोक्लोप्रमाइड, म्हणजे आपल्याकडे घरोघरी ठाऊक असलेलं पेरिनॉर्म, नेहमीच्या डोसला काही करत नव्हतं. १९८१ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी दाखवलं की तेच औषध फार मोठ्या डोसमध्ये दिलं तर सिस्प्लॅटिनच्या उलट्याही आवरतात. मेटोक्लोप्रमाइड डोपामिन हे मेंदूतलं दुसरं रसायन अडवतं हे माहीत होतं, पण मग एवढा मोठा डोस का लागावा? उत्तर असं निघालं की मोठ्या डोसला ते ५-एचटी३ रिसेप्टरही अडवतं. म्हणजे खरं काम तिथे होत होतं. मग फक्त तोच रिसेप्टर अडवणारे रेणू शोधायला सुरुवात झाली. उंदरांना उलटी करताच येत नाही, म्हणून हे प्रयोग फेरेट या मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्यावर करावे लागले. ग्लॅक्सोच्या शास्त्रज्ञांनी बनवलेलं ऑन्डान्सेट्रॉन जानेवारी १९९१ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. केमोच्या इतिहासात ही फार मोठी गोष्ट आहे. त्याआधी ज्या उपचारांसाठी रुग्णाला ॲडमिट करून ठेवावं लागे, ते आज सकाळी येऊन संध्याकाळी घरी जाण्याइतके सोपे झाले, त्यात या छोट्या गोळीचा वाटा मोठा आहे.

तुम्ही रसायनशास्त्राबद्दलही विचारलंत, म्हणून थोडं खोलात जाते. सेरोटोनिनच्या रेणूत बेंझिनचं सहा कोनी कडं आणि त्याला चिकटलेलं नायट्रोजन असलेलं पाच कोनी कडं असतं. या जोडगोळीला इंडोल म्हणतात. त्यातून दोन कार्बनची एक शेपूट निघते आणि तिच्या टोकाला अमाइन असतं. शरीरात हे अमाइन एक प्रोटॉन उचलून धन प्रभारित होतं. रिसेप्टरमधली खाच ट्रिप्टोफॅन, टायरोसिन अशा ॲमिनो आम्लांनी मढलेली असते. ती हा धन प्रभार धरून ठेवते.

ऑन्डान्सेट्रॉनमध्ये १८ कार्बन, १९ हायड्रोजन, ३ नायट्रोजन आणि १ ऑक्सिजन आहे. त्यात तीच इंडोलची दोन कडी आहेत, आणि त्यांना जोडून तिसरं कडं, त्यावर एक कीटोन. तिथून एका कार्बनच्या सांध्याने मिथाइल-इमिडाझोल हे आणखी एक पाच कोनी कडं लटकतं. सेरोटोनिनमध्ये जे काम शेपटीच्या टोकाचं अमाइन करतं ते इथे इमिडाझोलचा नायट्रोजन करतो. म्हणजे सपाट कडी, ऑक्सिजन आणि प्रोटॉन उचलणारा नायट्रोजन, तिन्ही योग्य अंतरावर. रिसेप्टरला ओळख पटते, रेणू खाचेत बसतो. पण तो सेरोटोनिनपेक्षा मोठा आहे. सेरोटोनिन बसल्यावर रिसेप्टरचा जो भाग आत वळून वाहिनी उघडतो, तो याच्यामुळे वळू शकत नाही. हा रिसेप्टर म्हणजे पाच तुकड्यांची एक आयनवाहिनी आहे. ती उघडली नाही तर सोडियम आत जात नाही आणि नस पेटत नाही.

एसटी स्टँडवर खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, ऑन्डान्सेट्रॉन नेमकं तेच करतं. रुमाल प्रवास करत नाही, पण दुसऱ्याला बसूही देत नाही. आणि सगळ्या सीटांवर एकदा रुमाल पडले की आणखी रुमाल टाकून काही मिळत नाही. तुमच्या केमिस्टच्या सल्ल्यातली चूक हीच आहे. नेहमीच्या डोसला हे रिसेप्टर पुरेसे व्यापलेले असतात. डोस वाढवला तर फायदा जवळपास तिथेच थांबतो, आणि बद्धकोष्ठता, डोकेदुखी आणि हृदयावरचा परिणाम मात्र वाढत जातो.

रसायनाचीच आणखी एक गोष्ट आम्हाला रोज लक्षात ठेवावी लागते. ऑन्डान्सेट्रॉनचा पीकेए, म्हणजे ज्या सामूला त्याचे निम्मे रेणू प्रभारित असतात तो आकडा, ७.४ आहे, साधारण रक्ताच्या सामूइतकाच. त्यामुळे रक्तात त्याचे निम्मे रेणू प्रभारित असतात आणि निम्मे नसतात. प्रभारित रेणू पाण्यात विरघळतात, प्रभार नसलेले नीट विरघळत नाहीत. म्हणून इंजेक्शन मुद्दाम आम्लधर्मी बनवतात. त्याच नळीतून सोडियम बायकार्बोनेटसारखं अल्कधर्मी औषध गेलं की नळीत पांढरट गढूळपणा दिसू लागतो, म्हणजे औषध साकळून बाहेर पडतंय. सिस्टर दोन औषधांमध्ये साध्या सलाईनने नळी धुतात तेव्हा काही नातेवाईकांना वाटतं वेळ काढताहेत. कृपया त्यांना घाई करू नका.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे, तिसऱ्या दिवसाकडे.

सेरोटोनिनचा लोंढा केमोनंतरच्या पहिल्या २४ तासांत असतो. त्यानंतर तो ओसरतो. २४ तासांपासून १२० तासांपर्यंत जो त्रास होतो त्याला आम्ही उशिराची मळमळ म्हणतो, आणि त्यात मुख्य हात सबस्टन्स पी या वेगळ्याच रसायनाचा असतो. हे रसायन १९३१ सालीच सापडलं होतं. ते मेंदूत एनके१ नावाच्या रिसेप्टरवर बसतं. ऑन्डान्सेट्रॉनचा या रिसेप्टरशी काही संबंध नाही. शिवाय ते रक्तातून निम्मं व्हायला ३ ते ६ तासच लागतात. म्हणून तुमच्या आईंसारख्या केमोत आजची शिफारस अशी आहे की ५-एचटी३ अडवणाऱ्या गटातलं औषध पहिल्या दिवशी द्यावं आणि पुढच्या दिवसांची भिस्त इतर औषधांवर ठेवावी.

ती इतर औषधं कोणती? पहिलं ॲप्रेपिटंट. हे एनके१ रिसेप्टर अडवतं, २००३ पासून वापरात आहे. नेहमीचा क्रम पहिल्या दिवशी १२५ मिलिग्रॅम, मग दोन दिवस ८०. शिरेतून एकदाच द्यायचं असेल तर फोसॲप्रेपिटंट १५० मिलिग्रॅम. दुसरं डेक्सामेथासोन, ते स्टेरॉइड आहे. ॲप्रेपिटंट यकृतात डेक्सामेथासोन मोडणाऱ्या एन्झाइमला मंद करतं, म्हणून दोन्ही एकत्र देताना डेक्सामेथासोन २० ऐवजी १२ मिलिग्रॅम देतात. चिठ्ठीवर डोस कमी दिसला म्हणून घाबरू नका. आईंना साखरेचा त्रास असेल तर हे औषध सुरू असेपर्यंत साखर वाढते, ते डॉक्टरांना आधी सांगा. तिसरं पॅलोनोसेट्रॉन. हे ऑन्डान्सेट्रॉनच्याच गटातलं आहे, पण ते निम्मं व्हायला सुमारे ४० तास लागतात आणि ते रिसेप्टरला जास्त घट्ट धरतं. ते दिलं असेल तर घरी वर ऑन्डान्सेट्रॉन लागत नाही. बऱ्याच घरांत दोन्ही चालू असतात, कारण जुनी पट्टी उरलेली असते.

चौथं ओलान्झापिन, आणि याबद्दल मला जरा जास्त लिहायचं आहे. एक मुलगा काउंटरवर पट्टी आपटून म्हणाला होता, "मॅडम, हे वेड्यांचं औषध आहे. माझी आई वेडी नाही." त्याने घरी जाऊन मोबाइलवर नाव टाकलं होतं आणि स्किझोफ्रेनिया हा शब्द वाचला होता. राग येणं स्वाभाविक होतं. कुणी त्याला आधी सांगितलंच नव्हतं. ओलान्झापिन मूळचं मनोविकारांचंच औषध आहे, पण ते डोपामिनचे आणि सेरोटोनिनचे अनेक रिसेप्टर एकाच वेळी अडवतं. त्यातले बरेच मळमळीच्या साखळीत आहेत. म्हणून छोट्या डोसला, चार दिवस, ते केमोसाठी देतात. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत 'मळमळ अजिबात झाली नाही' असे रुग्ण मोजले होते आणि १० मिलिग्रॅमने त्यांची संख्या स्पष्ट वाढली. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण ऑन्डान्सेट्रॉन उलटी थांबवण्यात जितकं चांगलं तितकं मळमळ थांबवण्यात नाही. उलटी झाली नाही म्हणून फाइलवर 'ठीक' लिहिलं जातं आणि रुग्ण मात्र पाच दिवस ताटाकडे पाहू शकत नाही.

१० मिलिग्रॅमची अडचण अशी की माणूस दिवसभर पेंगतो. जपानी डॉक्टरांनी ५ मिलिग्रॅम वापरून पाहिलं. आणि आपल्या परळच्या टाटा मेमोरियलमध्ये २.५ मिलिग्रॅमची १० मिलिग्रॅमशी तुलना झाली. तो अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. त्यात आईंना चालू आहे ती केमो घेणारे रुग्णही होते. उलटी-मळमळीवरच्या ताब्यात छोटा डोस मागे पडला नाही, आणि दिवसाची झोप कमी झाली. गोळी स्वस्त आहे, कुठेही मिळते. इथल्या रुग्णांवर, इथल्याच डॉक्टरांनी हे काम केलं याचा मला खूप आनंद आहे. पुढच्या भेटीत "ओलान्झापिन आईला चालेल का, आणि कमी डोसने सुरू करता येईल का?" एवढं विचारा. ते सुरू असताना पेरिनॉर्म वर देऊ नका. दोन्ही डोपामिन अडवतात.

आईंच्या त्रासातला एक भाग बद्धकोष्ठतेमुळेही असू शकतो. ५-एचटी३ रिसेप्टर आतडं पुढे ढकलण्याच्या कामातही असतो. तो अडवला की आतडं मंदावतं. तीन-चार दिवस पोट साफ झालं नाही की तेच मळमळ वाढवतं. मग घरचे ऑन्डान्सेट्रॉनची आणखी एक गोळी देतात आणि पोट आणखी बसतं. हे चक्र मी फार वेळा पाहिलंय. पुढच्या वेळी केमोच्या संध्याकाळपासूनच लॅक्टुलोज किंवा सेन्ना चालेल का ते डॉक्टरांना विचारा. इसबगोल पाणी भरपूर जात असेल तरच द्यावं. मळमळीमुळे पाणी जात नसताना ते आत घट्ट बसतं.

हृदयाबद्दल. ऑन्डान्सेट्रॉन हृदयाच्या ठोक्यानंतरची विद्युत विश्रांती लांबवतं, ईसीजीवर क्यूटी अंतर वाढतं. याच कारणाने २०१२ साली अमेरिकेत शिरेतून एकदम ३२ मिलिग्रॅम देणं बंद झालं आणि शिरेतून एका वेळी १६ मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये असं ठरलं. घरच्या ८ मिलिग्रॅमच्या गोळीला सहसा धोका नसतो. पण उलट्यांनी पोटॅशियम-मॅग्नेशियम उतरलेलं असेल आणि त्यात ॲझिथ्रोमायसिन, लिव्होफ्लॉक्सासिन, फ्लुकोनाझोल किंवा डॉमपेरिडोन चालू असेल तर ओझं साठत जातं. आपल्याकडे केमिस्ट उलटीला ऑन्डान्सेट्रॉन आणि डॉमपेरिडोन सहज एकत्र देतात. केमोच्या रुग्णाला तसं देऊ नये. यकृताचा गंभीर आजार असेल तर दिवसाला ८ मिलिग्रॅमच्या वर जात नाहीत. टीबीचं रिफॅम्पिसिन चालू असेल तर उलट ही गोळी लवकर मोडते. आपल्या शहरात टीबीचा कोर्स चालू असणारी माणसं कमी नाहीत, म्हणून आईंची सगळी औषधं एका पिशवीत घालून दाखवायला न्या.

आता सेरोटोनिन आणि उदासी. तुमची काळजी मला समजते. पण ऑन्डान्सेट्रॉन सेरोटोनिन कमी करत नाही, संपवत नाही. ते सेरोटोनिनच्या अनेक प्रकारच्या रिसेप्टरपैकी फक्त एक प्रकार अडवतं. उदासीवरच्या गोळ्या ज्या यंत्रणेवर काम करतात ती वेगळी आहे. आई खचलेल्या आहेत त्याला आजार, उपासमार आणि पाच दिवसांची न थांबणारी मळमळ एवढं कारण पुरेसं आहे. मळमळ आटोक्यात आली की बरीच माणसं आपोआप बोलू लागतात. तरीही उदासी टिकली तर ते स्वतंत्रपणे डॉक्टरांना सांगा, आणि उदासीची गोळी सुरू झाली तर ऑन्डान्सेट्रॉन चालू आहे हे तिथे आठवणीने सांगा.

गोळी घेण्याबद्दल दोन गोष्टी. हे थोपवणारं औषध आहे. केमोच्या अर्धा तास आधी आणि मग लिहून दिलेल्या वेळेला घ्यायचं. मळमळल्यावर घेऊ असं म्हणत थांबलात तर तोवर सेरोटोनिनने रिसेप्टर व्यापलेले असतात. आणि जिभेवर विरघळणारी गोळी तोंडातून रक्तात जात नाही. ती लाळेबरोबर गिळली जाते आणि आतड्यातूनच शोषली जाते. गिळायला सोपी एवढाच तिचा फायदा. घेतल्यावर लगेच उलटी झाली तर पुन्हा द्यायची का ते केमो विभागाला फोन करून विचारा.

पहिल्या सायकलचा त्रास मनात बसू नये यासाठीही पुढची सायकल नीट जाणं गरजेचं आहे. काही रुग्णांना परळ स्टेशनला उतरल्या उतरल्याच, औषध टोचायच्या आधी, मळमळू लागतं. मेंदूने जागा आणि वास त्रासाशी जोडलेला असतो. ही मळमळ वरच्या कोणत्याच औषधाला नीट दाद देत नाही. तिच्यासाठी लोराझेपाम हे चिंता कमी करणारं औषध देतात, पण खरा उपाय म्हणजे सुरुवातीच्या सायकलींतच त्रास होऊ न देणं. त्यामुळे "पहिल्यांदा होतंच असं, सहन करा" हे ऐकून परत येऊ नका.

जेवणाचं थोडक्यात. फोडणीच्या वासाने त्रास होतो, तर स्वयंपाक होताना त्यांना दुसऱ्या खोलीत बसवा. गरम अन्नाला वास जास्त येतो, म्हणून पेज, मऊ भात, कुरमुरे, कोमट किंवा गार, थोडं थोडं, दर दोन तासांनी. लिंबूपाणी, घरचं कोकम सरबत चालतं. रस्त्यावरचा उसाचा रस आणि कापलेली फळं नकोत, या दिवसांत पांढऱ्या पेशी उतरतात.

डॉक्टरांकडे जाताना नोंद न्या. एका मुलीने कालनिर्णयच्या चौकटींत लिहून आणलं होतं: मळमळीला 'म', उलटीला 'उ', पोट साफ झालं की छोटी टिक, आणि शेजारी गोळीची वेळ. डॉक्टरांना एका नजरेत दिसलं की त्रास ४८ तासांनंतर सुरू होतो आणि पोट चौथ्या दिवसापर्यंत बंद आहे. तिथल्या तिथे औषधं बदलली. दोन सायकलींमधलं सगळं तोंडी सांगताना निम्मं राहून जातं, आणि ओपीडीत तुम्हाला पाच मिनिटं मिळतात.

शेवटी, कशासाठी थांबायचं नाही ते. २४ तासांत पाणीही पोटात राहत नसेल, लघवी कमी झाली असेल, चक्कर येऊन तोल जात असेल, छातीत धडधडत असेल, पोट फुगून वारासुद्धा सरत नसेल, किंवा ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला, तर गोळी बदलत बसू नका. रात्र असो की रविवार, केमोची फाइल घ्या आणि जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जा. परळपर्यंत यायलाच हवं असं नाही. दारातच सांगा की केमो चालू आहे आणि शेवटचा डोस कधी झाला.